आठ पायऱ्या आणि हलीमाबीचा डबा

अमरावती,
ज्येष्ठाचा पहिला सोमवार, दुपार

सौ. पार्बताबाई यांना धाकटी भावजय जमुना हिचा दोन्ही हात जोडून आणि (कंबर आता वाकते म्हणून) पुरता वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? शेषराव भाऊजींची साखर आटोक्यात आहे का, की लग्नसराईत पुन्हा बुंदीपाशी उभे राहतात? इकडे अंबादेवीच्या कृपेनं सारे बरे आहेत. तुमच्या भावांना मध्यंतरी ऊन लागलं होतं. कैरीचं पन्हं पाजून आणि उशाशी कांदा ठेवून त्यांना उठवलं, आता पुन्हा फुलांच्या दुकानावर बसतात. या उन्हात शेवंती दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून ओलं फडकं तिच्यावर असतं आणि स्वतःच्या डोक्यावर काही नसतं. फोन सोडून ही पत्र काहून लिहून राहिली, असं तुम्ही म्हणाल. तर बाई, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (राग मानू नका, हे सत्यव्रतात बसतं, पुढे सांगते.) शिवाय तुमचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो आणि तुमची शेजारीण मधूनच विचारते, कोण बोलून राहिलं. मला जे लिहायचं आहे ते शेजारणीला ऐकवण्यासारखं नाही, कारण ते माझ्या शेजारणीबद्दलच आहे. कागद पाठकोरे वापरले आहेत. मागच्या बाजूला हारांच्या ऑर्डरी आहेत, त्या वाचत बसू नका, ती लग्नं केव्हाच उरकली.

पाडव्याच्या आधी तुम्ही मला ती पिवळी पुस्तिका पाठवली आणि सांगितलं की योग म्हणजे हातपाय वाकडे करणं नव्हे, त्याच्या आठ पायऱ्या असतात, यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. लोक पहिल्या दोन सोडून एकदम तिसरीवर उडी मारतात आणि मग कंबर धरून बसतात. तू मॅट्रिक झालेली आहेस, नीट खालून चढ आणि कुठवर आलीस ते मला कळव. त्याप्रमाणे कळवते आहे. मी समाधीपर्यंत जाऊन आले.

आपल्या गल्लीच्या मारुतीच्या देवळात बायांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या गीतांजली मॅडम वयानं माझ्या सुनेच्या बरोबरीच्या, पण बोलतात अशा की जणू हिमालयात भाड्यानं राहून आल्या. त्यांनी पाडव्याला आम्हा सगळ्यांकडून यमांचा संकल्प घेतला. यम पाच. पहिला अहिंसा. तो आमच्या घरी सगळ्यात आधी झुरळांना समजला. फवाऱ्याचा डबा मी माळ्यावर टाकला (तेवढा खर्चही वाचला) आणि आठवड्यात झुरळं दिवसाढवळ्या मोरीतून अशी चालू लागली जशी गावची पाटीलकी त्यांच्याकडे आली. दुसरा सत्य. त्या दिवशी तुमचे भाऊ जेवायला घरी आले आणि मी दुकानावर बसले. एका गृहस्थानं विचारलं, शेवंती ताजी आहे ना? मी सांगितलं, कालची आहे, पाणी मारलेलं आहे. तो गेला. दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. तुमचे भाऊ परत आले तेव्हा फुलं होती तशी होती आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात होतं, जिथली शेवंती परवाची होती. तेव्हापासून त्यांनी मला दुकानावर बसू दिलेलं नाही. तिसरा अस्तेय, म्हणजे चोरी न करणं. हे मॅडम समजावत असताना अर्धा वर्ग आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे पाहत होता, कारण पहाटे फिरायला जाऊन लोकांच्या कुंपणावरची जास्वंद देवासाठी तोडून आणणाऱ्या साऱ्या तिथंच बसलेल्या होत्या. आम्ही फुलवाले असल्यामुळे मी तेवढी ताठ मानेनं बसले. चौथ्याबद्दल पत्रात लिहिणं बरं दिसत नाही. तुमचे भाऊ तसेही माघ संपला की ओसरीत कूलरपाशी झोपतात.

राहिला पाचवा, अपरिग्रह, आणि सारं पत्र याच्यासाठीच आहे. पुस्तिकेत त्याचे दोन अर्थ दिले आहेत. एक, गरजेपेक्षा जास्त साठवू नये. दोन, कोणाकडून काही घेऊ नये. मॅडम म्हणाल्या की ज्याला जो झेपेल त्यानं तो धरावा. बाई, तुम्ही माझं स्वयंपाकघर पाहिलं आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, मिठाईचे खोके, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या, साड्यांच्या खोक्यांतली सुतळी, हे सारं कधी ना कधी लागतं म्हणून मी ठेवते आणि कधी ना कधी लागतंच. पहिला अर्थ धरला असता तर ते सगळं भंगारात द्यावं लागलं असतं. रात्रभर विचार केला. मग दुसरा अर्थ धरला. त्यात घरातलं काही जात नव्हतं.

यंदा पाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ईद आली. आपली हलीमाबी तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही तिला भिंतीपलीकडूनच पाहिलं आहे म्हणून थोडं सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती शेजारच्या घरात आधीपासून होती. तिचे मालक अब्दुल रहीमभाई गाद्या-रजया भरतात, कापूस तुमच्या अकोल्याहूनच येतो. माझी पहिली भाकरी जळाली तेव्हा तिनं भिंतीवरून वास घेऊन विचारलं होतं, नवी हाय काय. तेव्हापासून तिचा एक कडीचा डबा आमच्या दोन घरांमध्ये फिरतो. झाकणावर तिच्या सासऱ्यांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. ईदला त्यात शीरखुर्मा येतो, आषाढात गुलगुले, थंडीत गाजराचा हलवा. आणि तो माझ्याकडून भरून जातो, कधी पुरणाची पोळी, कधी भरीत, महालक्ष्म्यांचा प्रसाद. तुम्ही म्हणता की जमुना मेथीच्या काडीचाही हिशेब ठेवते, ते खरं आहे, पण या डब्याचा कधी ठेवला नाही.

त्या डब्यात तिच्या घरचं मटण कधी गेलं नाही. तो वेगळ्या फळीवर, वेगळ्या काथ्यानं घासलेला असतो. मी तिला असं कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही मला ते बोलून दाखवलं नव्हतं. तिची नात लुबना लहान असताना त्या डब्यात उकडलेली अंडी ठेवायला गेली आणि पाठीत धपाटा खाऊन रडत आमच्या ओट्यावर आली, तेव्हा मला कळलं. ती पोरगी हुंदके देत सांगत होती की दादी म्हणते तो जमुनाचा डबा आहे. तुम्ही मुक्कामाला आलात की मात्र डबा यायचा नाही. हलीमाबी भिंतीवरून विचारायची, बाई आल्या काय, आणि मी मान हलवायचे. तुम्ही माळ घातल्यापासून बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाही हे तिला माहीत, म्हणून तुम्हाला संकोच नको आणि मला पेच नको. तुम्ही गेलात की त्याच संध्याकाळी डबा हजर.

तर ईदच्या दिवशी लुबनानं (आता ती कॉलेजात आहे) डबा भिंतीवर ठेवला, आवाज दिला आणि पळाली, घरी पाहुणे होते. माझा संकल्प कालचाच, ताजा. घेऊ नये म्हणावं तर डबा येऊन पडलेला, आणि टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान. शेवटी तुमच्या भावांनी तो शीरखुर्मा उभ्याउभ्या संपवला, कारण व्रत माझं होतं, त्यांचं नव्हतं. मी डबा घासला, पुसला, कडी लावली. दर वर्षी ईदचा डबा जाताना त्यात पुरणपोळी आणि पाडव्याच्या गाठीचे चार तुकडे असतात. तुमचे भाऊ म्हणाले, काय घालून राहिली यात? मी म्हटलं, काही नाही, देणंघेणं बंद केलं. ते म्हणाले, "पाह्य बाप्पा." एवढंच. संध्याकाळी लुबना आली तेव्हा मी तो रिकामा डबा तिच्या हातात दिला आणि निरोप दिला की दादीला सांग, जमुना आता कोणाकडून काही घेत नाही.

आपल्या वऱ्हाडात शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. अगदी काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतो. रिकामं भांडं भांडणानंतर जातं, नाही तर कायमचं तोडायचं असेल तेव्हा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बाई, मला वाटलं की हे सारं खालच्या पायरीवरच्या लोकांसाठी आहे. मी एक पायरी वर आले होते ना.

त्यानंतर डबा आला नाही. मी ते व्रताचं फळ मानलं आणि नियमांकडे वळले. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. यातलं तप आपल्याकडे मे महिन्यात वेगळं करावं लागत नाही. संतोष मला जमला असं मॅडम म्हणाल्या, कारण मी वर्गात कधी पंखा लावा म्हटलं नाही. आसनांबद्दल लिहिण्यासारखं नाही, मांडी घालून बसता येतं तेवढं पुरे असं पुस्तिकाच सांगते. प्राणायाम आम्ही सुरू केला त्याच दिवशी देवळामागच्या चक्कीवर तिखट दळायला आलं होतं. पहिला दीर्घ श्वास आत घेतला आणि सारा वर्ग एकदम शिंकला, मारुतीपुढचा दिवा विझला, मॅडम डोळे पुसत म्हणाल्या की अडथळे येतातच.

तो वर्ग सुटल्यावर सतरंज्या गुंडाळताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानवाल्याची सून करिश्मा माझ्याजवळ आली. पोरगी वागायला चांगली आहे, तुमच्या भावांच्या गोळ्या घरी आणून देते. हळूच म्हणाली, "काकू, तो डबा बंद केला तुम्ही, लय बरं केलं. आपणच आधी कराले पायजे होतं." मी म्हटलं, अगं तो अपरिग्रह आहे. ती म्हणाली, हो हो, तेच, आणि माझा हात दाबला.

देवळापासून घर किती जवळ आहे ते तुम्हाला माहीत आहे. तेवढ्या रस्त्यात मला तिच्या शाबासकीचा अर्थ कळला. गल्लीतल्या काही घरांनी गेल्या एक-दोन वर्षांत हलीमाबीकडून घेणं बंद केलं आहे. कोणी बोलून दाखवलं नाही, कोणाच्या घरी तब्येत बरी नसते, कोणाचा उपास निघतो. माझ्याही कानावर आलं होतं आणि मी मनात म्हणाले होते, आपण नाही बाई त्यातल्या. आणि ईदच्या दिवशी, घरात पाहुणे बसलेले असताना, मी तिला रिकामा डबा पाठवला, तोही नातीच्या हाती, निरोपासह. त्या लोकांनी निदान निरोप तरी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कुरडया घालायला काढल्या (उगीच नाही, गहू भिजत घातलेलेच होते) आणि गरम चीक माझ्या डब्यात भरून, वर साखर-तूप घालून भिंतीवर ठेवला. हलीमाबीला चीक किती आवडतो! चीक शिजायला लागला की ती भिंतीपाशी काहीतरी काम काढून उभीच राहायची. या वेळी लुबनानं डबा उचलला आणि दुपारी परत ठेवला. स्वच्छ घासलेला. आत चिमूटभर साखर.

बाई, साखर आपण नव्या भाडेकरूला देतो. ज्याचं नाव माहीत नसतं त्याला देतो. ती भांडली असती, डबा फेकला असता, तर मी भिंतीवरून भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत सारं मिटलं असतं. तिनं रीत पाळली. मी ती साखर चहात घातली नाही, देवापुढे ठेवली, मुंग्यांनी नेली.

पुढच्या पायऱ्या मग आपोआप चढल्या गेल्या, त्यात माझी काही साधना नाही. प्रत्याहार म्हणजे कासव जसं पाय आत ओढून घेतं तशी इंद्रियं आत ओढायची. माझी सारी ओढली गेली, कान सोडून. ते भिंतीलाच लागलेले. तिकडं पातेलं वाजलं की मला कळायचं कोणतं, खोकली की कळायचं आज उकळत्या पाण्याची वाफ घेतली नाही. धारणा म्हणजे मन एका वस्तूवर बांधणं. मॅडमनी सांगितलं, आपापलं दैवत डोळ्यांसमोर आणा. मी अंबादेवी आणायचे, ती यायची, आणि तिच्या हातात कडीचा डबा असायचा. ध्यान म्हणजे तोच विचार तेलाच्या धारेसारखा न तुटता वाहणं. तेलाची धार मी कधी अशी वाहू दिलेली नाही (पळीनं घालते), पण ही धार काही माझ्यानं बंद होईना. मॅडमनी एकेकीला विचारलं, डोळ्यांपुढं काय येतं. कोणाला ज्योत, कोणाला कमळ, करिश्माला निळा रंग. माझ्यावर आलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, कडीचा डबा. साऱ्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, काकू, भरलेला की रिकामा? सत्यव्रतात गप्प राहायला मनाई नाही.

समाधीत म्हणे ध्यान करणारा उरत नाही, वस्तूच उरते. ती मला आमच्या ओट्यावर लागली. मी पालक निवडत बसले होते आणि गल्लीतून लुबना येत होती. तिच्या हातात तोच डबा होता, सासऱ्यांच्या नावाचा. ती टोकावरच्या मटणाच्या खानावळीतून येत होती. मला पाहून तिनं तो ओढणीखाली घेतला, पण झाकण मी ओळखलं. फळीवरून तो खाली आला होता. आता तो त्यांच्या घरातला एक डबा होता, दुसऱ्या कोणत्याही डब्यासारखा. तुमचे भाऊ सांगतात की गल्लीतल्या गायीनं माझ्या मांडीवरचा सारा पालक खाल्ला, पदराचं टोकही चावलं आणि मी हाललेसुद्धा नाही. पुस्तिकेतली लक्षणं जुळतात.

लुबना ओट्यापाशी थांबली. तिनंच सांगितलं की बकरी ईद झाली की ते सगळे अकोल्याला चालले. तिच्या वडिलांनी, दानियालनं, तिकडं गाद्यांचं दुकान घेतलं आहे, आणि इथल्या घराला गिऱ्हाईक लागलं आहे. दादी तुम्हाला बोलली नाही का, असं तिनं विचारलं आणि मग स्वतःच खाली पाहिलं.

मी हात धुतले आणि गेले. भिंतीपाशी नाही, पुढच्या दारानं. मधली भिंत असताना पुढच्या दारानं जाणं म्हणजे पाहुण्यासारखंच, आणि हलीमाबीनंही मला पाहुण्यासारखंच वागवलं. खुर्ची पुसून दिली. एरवी मी तिच्या चुलीपाशी पाटावर बसते. घरात सगळीकडे बोचकी. अब्दुल रहीमभाई एका मोठ्या गाठोड्याला दोरी आवळत होते. म्हणाले, भाभी, योगात माणूस वाऱ्यावर जगते म्हणतात, खरं हाय काय? आमी त जेवूनच जगतो बावा. मी हसले नाही. मला ते अपरिग्रहाचं सारं नीट समजावून सांगायचं होतं, आणि मी सांगितलं, पाडव्याचा संकल्प, दोन अर्थ, मी कोणता धरला आणि का धरला. बरण्यांचंही सांगितलं. त्या नवराबायकोनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. पुस्तिका इतकी सोपी करून मॅडमनासुद्धा सांगता आली नसती, असं मला तेव्हा वाटलं.

हलीमाबी म्हणाली, "घ्याचं नाई, हे समजलं मले. देवासाठी सोडलं असन त मी काय बोलू? पण जमुना, रिकामा काहून पाठवला? तुया पोथीत द्याले बी मनाई हाय काय?"

बाई, मी पुस्तिका पुन्हा उघडून पाहिली आहे, मनाई नाही.

मग तिनं माझ्याकडे न पाहता, रजईचा एक निघालेला धागा तोडत सांगितलं, "मले वाटलं, साऱ्या गल्लीत जे सुरू झालं थे तुया घरी बी आलं. मी लुबनाले बोलली, आपुन अकोल्याले गेलेलं बरं."

अब्दुल रहीमभाई उठून उगीच आत गेले. मी खुर्चीवरून उठले आणि खाली, बोचक्याला टेकून बसले. कोणाकडून काही घेऊ नये एवढं मी शिकले होते, मागू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणून मागितलं. म्हटलं, हलीमाबी, मले काही खायले दे. ती म्हणाली की स्वयंपाकघर सारं बांधलं, पोरं खानावळीतून आणून खातात, घरात दाणा नाही. मग म्हणाली, "अन् तुया डब्यात खिमा येऊन गेला. आता तुले दुसरा डबा घ्या लागन."

मी म्हटलं, "नवा कायले घेतं? तोच घास न राखेनं."

माझ्या तोंडून हे काटकसरीनं निघालं की आणखी कशानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण हलीमाबीनं धागा तोडायचा थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं, पाडव्यानंतर पहिल्यांदा. मग ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं रडून राहिली. ती हसून राहिली होती, आणि मग दोन्ही. आतून अब्दुल रहीमभाईंनी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, काई नाई, जमुना डब्बा घासाले सांगते. मग मला म्हणाली, "अकोल्याले ये. पह्यले माही चूल मांडू दे, मंग ये. थोच डबा भरून देतो."

तर अशा या आठ पायऱ्या. सगळ्या चढून झाल्या. उतरताना मी पहिलीच्याही खाली, बोचक्यापाशी आले, आणि तिथं मला बरं वाटलं, हे सत्यव्रताप्रमाणे नोंदवते. गीतांजली मॅडमना मी सांगितलं आहे की माझं अपरिग्रहाचं चुकलं. त्या म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. बरण्या काढायला घेतल्या आहेत. दोन काढल्या, एक परत ठेवली.

शेषराव भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उन्हात फार फिरू नका. तुमचे भाऊ म्हणतात, तब्येत विचारली म्हणून लिही; ते नुसते विचारतात, करत काही नाहीत.

तुमची,
जमुना

ता. क. दानियालचं दुकान आणि वरचं बिऱ्हाड तुमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला आहे, रॉकेलच्या जुन्या डेपोच्या शेजारी. लुबनानं मोबाइलमध्ये नकाशा दाखवला. तुमच्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसेल.

ता. क. दुसरा. पावसाळा सुरू झाला की मी अकोल्याला येईन. मुक्काम तुमच्याकडेच करीन, दुसरीकडे माझं कोण आहे? पण दुपारी मी हलीमाबीकडे जेवून येईन आणि माझ्या हातात तिचा डबा असेल. तो मी पायरीवर किंवा तुमच्या गाडीच्या डिकीत ठेवणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात मला एक फळी रिकामी करून द्या. तुम्हाला अडचण वाटत असेल तर आधीच लिहा, म्हणजे मी त्याच दिवशी संध्याकाळच्या बसनं परत जाईन. रागावणार नाही.

ता. क. शेवटचा. वर लिहायचं टाळलं ते इथं लिहिते, कारण या पत्राचं खरं कारण तेच आहे. मी निघताना हलीमाबीनं दारात मला थांबवलं. इतक्या वर्षांत तिनं नेहमी विचारलं ते 'बाई आल्या काय', डबा पाठवायचा की नाही हे ठरवायला. त्या दिवशी पहिल्यांदाच वेगळं विचारलं. म्हणाली, "अकोल्याले बाई येतीन काय तुयासंग, माया घरी? जेवाले?" मी विचार करायला हवा होता. तुम्हाला फोन करायला हवा होता. पण तिच्या मागं सारं घर बांधून ठेवलेलं दिसत होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो, येतील. सत्यव्रत घेतल्यापासून मी शेवंतीबद्दलसुद्धा खोटं बोललेली नाही. हे बोलले ते खरं की खोटं, ते मला अजून माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.